तुरीच्या शेंगेतील वंशेतिहास

गेल्या पौषात आळंद तालुक्यातील आमच्या आप्तांच्या खळ्यावर तुरीची रास होत असता मी एक शेंग हाती घेऊन बोटांनी उकलली, आणि पूर्ण वाळूनही ती आपण होऊन का फुटली नाही, या विचाराने फार वेळ तिथेच थांबलो.

ओडिशा-बस्तरच्या रानात तुरीची जवळची आप्त, कजानस कजानिफोलियस, आजही उगवते. तिच्या वाळलेल्या शेंगा तडकून दाणे उधळतात, आणि दाण्याच्या नाभीपाशी ठळक उंचवटा असतो. शेतात मात्र न तडकणारी शेंगच खळ्यापर्यंत पोहोचे व पुढल्या पेरणीचे बियाणे होई. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या निवड केली ती कुणब्याच्या विळ्याने!

2012 साली पटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने तुरीच्या 'आशा' वाणाचा जनुकसंच वाचला गेला, त्यात 48,680 जनुके अनुमानित झाली. पुढे 2017 साली 292 नमुन्यांच्या तुलनेतून रानटी तुरीकडून गावठी व सुधारित वाणांकडे येता येता वैविध्य आटत गेल्याचे दिसले.

मला हे आटणे चिंतेचे वाटते. मर रोगाने वाळलेल्या झाडाचे खोड उभे चिरा, आत काळपट रेघा दिसतील. हा रोग आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचेही निरनिराळे प्रकार आढळतात, तीही बदलतेच आहे, आणि तिला तोंड देणारे गुण रानटी आप्तांतही शोधावे लागतात.

कलबुर्गी-बीदरच्या शिवारात कुणाकडे काळ्या वा ठिपकेदार दाण्यांची जुनी तूर असल्यास छायाचित्र अवश्य पाठवा. शंकाही निःसंकोच विचारा.