समुपदेशकाचा सुपरव्हायझर कसा घडतो?

पुण्याजवळच्या लवळ्यात सिम्बायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं, पौडजवळ महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. मुळशी तालुक्यात घर सोडून शिकायला आलेली मुलं मोठ्या संख्येनं राहतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. या एकट्या समुपदेशकाच्या पाठीशी कोण असणार? त्यासाठी लागतो सुपरव्हायझर, आणि त्याच्या तयारीचा एक मार्ग म्हणजे समुपदेशन-सुपरव्हिजनचं पदव्युत्तर प्रमाणपत्र. त्याविषयी गैरसमज मात्र बरेच आहेत.

गैरसमज : एमए झालं की लगेच प्रवेश.
समुपदेशनाचं शिक्षण आणि त्यानंतर प्रत्यक्ष केसेस हाताळल्याचा अनुभव, दोन्ही लागतं. कोर्स चालू असताना स्वतःचं समुपदेशनाचं कामही सुरू ठेवावं लागतं.

गैरसमज : व्याख्यानं ऐकली, परीक्षा दिली, की झालं.
ब्रिटनमध्ये असं प्रमाणपत्र सातव्या, म्हणजे पदव्युत्तर स्तरावरचं, ६० क्रेडिटचं असतं. पण खरा कस लागतो तो कामात. शिकणाऱ्यानं एखाद्या समुपदेशकाला नियमित सुपरव्हिजन द्यायचं, त्याच्या संमतीनं सत्र रेकॉर्ड करायचं, ते आपल्या मार्गदर्शकापुढे ठेवायचं आणि आपण कुठे घाईनं सल्ला दिला, कुठे ऐकायचं राहिलं, हे लिहून काढायचं. म्हणजे शिकणाऱ्याच्या सुपरव्हिजनवरही सुपरव्हिजन. अनुभवी माणसाच्या नजरेखाली शिकण्याची ही रीत १९२० मध्ये बर्लिनला सुरू झालेल्या मनोविश्लेषण केंद्रात रुजली. माझ्या मते या भागाला पर्याय नाही.

गैरसमज : सुपरव्हायझर म्हणजे चुका काढणारा साहेब, आणि तोही नवशिक्यांसाठी.
ब्रिटिश समुपदेशन-प्रशिक्षक ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली: कौशल्य वाढवणं, नीतिनियम सांभाळणं आणि थकलेल्या समुपदेशकाला उभारी देणं. हॉस्टेलमधली मुलगी जीव नकोसा झाल्याचं सांगते, तेव्हा पालकांना कळवायचं का, नोंद काय ठेवायची, हे ठरवताना या तिन्ही कामांची गरज पडते. समुपदेशकाचं स्वतःचं जुनं दुःख वर आलं तर त्याचा केसवर काय परिणाम होतोय, एवढंच सुपरव्हायझर पाहतो. उपचारांसाठी दुसऱ्याकडे पाठवतो. ब्रिटनच्या बीएसीपी संघटनेच्या मान्यताप्राप्त समुपदेशकांना, अनुभव कितीही असो, महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावं लागतं.

गैरसमज : यात गोपनीयता मोडते.
केसची चर्चा सुपरव्हिजनमध्ये होईल, हे पहिल्याच भेटीत सांगायचं असतं. नाव आणि ओळख पटेल असे तपशील झाकले जातात.

गैरसमज : प्रमाणपत्र मिळालं की आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट.
भारतात त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेला अभ्यासक्रम आणि १९९२ च्या कायद्याखालची नोंदणी हवी. सुपरव्हिजनचं प्रमाणपत्र, देशी असो वा परदेशी, तिची जागा घेत नाही. म्हणून फी भरण्याआधी विचारा: प्रत्यक्ष सुपरव्हिजनचे तास किती, माझी सत्रं कोण ऐकणार, आणि प्रवेशासाठी किती अनुभव मागता? तिसऱ्या प्रश्नाला ‘काहीच नको’ असं उत्तर आलं, तर तिथे पैसे भरू नका.