प्रार्थनेला सक्ती नको, सवड हवी

ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत दिवस प्रार्थनेने सुरू होतो. पुढे अनेक कॅथलिक शाळांत कॅथलिक मुलांना कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण आणि बाकीच्यांना मॉरल सायन्स अशी विभागणी असते. एवढ्याने मुलांच्या आध्यात्मिक जीवनाची जबाबदारी पार पडली असे मानले जाते, आणि खरी अडचण तिथेच आहे. संविधानाचे कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क देते. कलम 28 मात्र बजावते की, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाला वा उपासनेला संमतीशिवाय बसवता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागेल. काही शाळाचालकांना हे बंधन अडसर वाटते. मला ती श्रद्धेच्या वाढीची पहिली अट वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणापत्रात हेच मान्य केले आहे: विश्वास मुळातच स्वेच्छेचा असतो.

महाराष्ट्राचा इतिहास याला दुजोरा देतो. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, बाबा पदमनजी मुंबईत त्याच परंपरेतल्या शाळेत. पदमनजींनी 1854 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आल्यावर त्यांनी 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि निर्मिकापुढे, म्हणजे निर्मात्यापुढे, सारी माणसे समान मानली. एकाच परंपरेतून दोन वाटा निघाल्या. मिशनऱ्यांच्या हिशेबात फुले कदाचित अपयश ठरले असते. पण माणसाच्या समानतेविषयीची इतकी प्रखर निष्ठा जिथे वाढीला लागली, त्या शाळेने त्यांच्या आत्म्याला काहीच दिले नाही असे कोण म्हणेल?

शाळेने मुलांच्या आध्यात्मिक वाढीत लक्ष घालावे, यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अध्यात्माच्या नावाखाली हे धर्मांतरच. तो झटकून टाकता येत नाही. स्वतः ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले ते धर्माबाबत तटस्थ राहण्याच्या हमीवर. सदन पुण्याला आल्यावर त्यांच्या खासगी प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या, वादळ उठले, 1893 मध्ये रानडे-भांडारकर हे समाजसुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी आपल्या खोलीचे दार उघडे ठेवले, यात मला दोष दिसत नाही. पण मुलीचा निवारा, शिक्षण आणि मायेचा आधार एकाच व्यक्तीच्या हाती असतो, तेव्हा तिची स्वेच्छा कितपत खरी, हे तिलाही सांगता येत नाही. शिक्षकाच्या हाती अशीच सत्ता असते. म्हणून संमती पालकांकडून उघडपणे घ्यावी आणि नकार देणाऱ्या मुलाला वेगळी वागणूक मिळणार नाही, हे शाळेने कृतीतून दाखवावे.

दुसरा आक्षेप आतून येतो: मग शाळेत ख्रिस्ती ते काय उरले? पुष्कळ काही. फी थकलेल्या मुलाशी कार्यालयातला माणूस कसा बोलतो, नापास झालेल्याला वर्गात कुठे बसवतात, सफाई कामगाराला मुले कोणत्या नावाने हाक मारतात, यातून मुले शाळेचा धर्म शिकतात. क्षमेवरच्या धड्याला गुण देणारी आणि चुकणाऱ्याला सर्वांसमोर उभे करणारी शाळा मुलाला क्षमेविषयी नेमके उलटे शिकवते. ख्रिस्ती मुलांना बायबल जरूर शिकवावे, नीट आणि खोलवर, त्यांच्या शंकांना पाप न ठरवता. मराठी घरातल्या मुलाला पाठ केलेल्या इंग्रजी प्रार्थनेबरोबर ना. वा. टिळकांची भजनेही मिळावीत. तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे सांगणाऱ्या या कवीने मराठी ख्रिस्ती माणसाला देवाशी स्वतःच्या भाषेत बोलायला दिले. आणि सर्वच मुलांना रोज थोडी शांतता मिळावी: जिच्यात कोणी बोलणार नाही, कोणी तपासणार नाही. तासिकांच्या वेळापत्रकात यासाठी जागा नाही, अशी सबब मुख्याध्यापक देतील. जूनमध्ये नवे वेळापत्रक आखताना त्यांनी आधी मॉरल सायन्सची परीक्षा काढून टाकावी आणि तो वेळ मुलांना द्यावा.