चौकटीची पकड, भिंतीची साथ

घराची खिडकी निवडताना बहुतेक जण काच कोणती, रंग कोणता आणि डासांची जाळी आहे की नाही, एवढेच पाहतात. ती खिडकी भिंतीत कशाच्या आधारावर उभी राहणार, हा प्रश्न गवंडी आणि फिटर यांच्यावर सोपवला जातो. लातूर आणि नांदेड परिसरात मात्र हा प्रश्न असा सोपवून मोकळे होण्यासारखा नाही. येथील जमीन भूकंपाने हादरलेली आहे. काळी माती दर पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि वळवाच्या पावसाआधीचा वारा उघडी राहिलेली झडप बिजागरीतून उपटायला पाहतो. या चारही गोष्टींची परीक्षा भिंतीला सर्वांत आधी द्यावी लागते ती दार-खिडकीच्या पोकळीपाशी.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत हा आकडा मध्यम म्हणावा असा; तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून अधिकृत नोंदीनुसार जवळपास आठ हजार माणसे दगावली. पहाटेची वेळ हे त्याचे एक कारण होते, घरांची बांधणी हे दुसरे.

या भागातील जुनी घरे माळवदाची. लाकडी खांब व तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. भोवती दगड-मातीच्या भिंती, जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत. उन्हापासून आणि चोरापासून रक्षण व्हावे म्हणून खिडक्या अगदी मोजक्या आणि लहान. भिंत जाड म्हणून ती भक्कम, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ती एकसंध भिंत नव्हतीच. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि दोहोंच्या मध्ये दगडांच्या कपच्या व माती अशी तिची रचना. दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. धक्का बसताच थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि कोसळले. पुष्कळ घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र जमीनदोस्त झाल्या, कारण भिंत आणि सांगाडा यांना बांधणारे काहीच नव्हते. ज्या घराला एकच दार आहे, त्या घरात दाराशेजारची भिंत ढासळली की बाहेर पडण्याची वाटही तिच्याबरोबर बुजते.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व बळकटीकरण करण्यात आले. या बळकटीकरणातील उपाय साधे होते. भिंतीत आरपार काँक्रीटचे बंध घालणे, माळवदावरील मातीचा भार कमी करणे आणि दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीला घराभोवती पट्टा फिरवणे. या तिसऱ्या उपायात दार-खिडकीच्या बांधणीचे मर्म आहे.

आधी भिंत, मग चौकट

भिंतीत खिडकीसाठी जागा सोडणे म्हणजे भिंत तेवढी कापणे होय. वरून येणारा भार आणि बाजूने येणारा धक्का यांना या पोकळीला वळसा घालून जावे लागते. त्यामुळे पोकळीच्या कोपऱ्यांत ताण साचतो. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून तिरकी चढत जाणारी भेग ही याच ताणाची खूण. चौकट कितीही मजबूत सागवानाची असली, तरी ही उणीव भरून काढणे तिचे काम नाही. ते काम तिच्यावरच्या लिंटेलचे आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीचे आहे.

भारवाही भिंतींच्या घरात सुटे लिंटेल पोकळीपुरते टाकून थांबण्याऐवजी ते सर्व भिंतींवरून सलग फिरवले, तर त्याचा पट्टा बनतो. पेटीला दोरी बांधावी तसा हा पट्टा चारही भिंतींना एकत्र ठेवतो. भारतीय मानक ४३२६ मध्ये या पट्ट्याची किमान जाडी दोन सळ्या असतील तर ७५ मिलिमीटर आणि चार सळ्या असतील तर १५० मिलिमीटर सांगितली आहे. याच मानकात खिडक्यांवर मर्यादाही आहेत. धोक्याच्या वरच्या श्रेणीत एकमजली घराच्या कोणत्याही भिंतीतील दारे-खिडक्यांची एकत्रित लांबी त्या भिंतीच्या निम्म्याहून अधिक नसावी. दुमजली घरात ती ४२ टक्क्यांवर आणि तीनमजली घरात एक तृतीयांशावर येते. दोन पोकळ्यांमध्ये किमान ५६० मिलिमीटर आणि आतल्या कोपऱ्यापासून किमान ४५० मिलिमीटर भिंत शिल्लक असावी. रस्त्याकडेच्या घराची दर्शनी बाजू गाळ्यांसाठी सबंध उघडी ठेवण्याची शहरांतील रीत या नियमाशी थेट विसंगत आहे.

१९९३ मध्ये किल्लारी परिसर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या विभागात गेला. त्याआधी बांधलेली घरे मात्र जुन्या समजुतीवरच उभी आहेत.

होल्डफास्टचे काम

भिंत तयार झाली, की चौकटीचा प्रश्न येतो. जुन्या वाड्यांत चौकटीची वरची आणि खालची आडवी लाकडे दोन्ही बाजूंना भिंतीत शिरलेली असत. बांधकाम तिच्याभोवती चढे आणि चौकट भिंतीत रुजे. आज ते काम होल्डफास्ट करतो. ही लोखंडी पट्टी चौकटीला बोल्टने जोडायची आणि तिचे दुसरे, फाकवलेले टोक भिंतीत काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडायचे. सरकारी कामांत रूढ असलेल्या मापांनुसार पट्टी ४० मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड आणि ठोकळा ३० × १० × १५ सेंटिमीटरचा असतो. दाराच्या प्रत्येक बाजूला तीन आणि खिडकीच्या प्रत्येक बाजूला दोन होल्डफास्ट हा सर्वसाधारण प्रघात आहे.

चूक होते ती घाईत. भिंत आधी उभी राहते, चौकट नंतर येते. मग भिंतीला भोक पाडून त्यात पट्टी घुसवली जाते आणि विटांचे तुकडे व मालाने भोक बुजवले जाते. वरून गिलावा झाला की सगळे सारखेच दिसते. वर्ष-दोन वर्षांत दार आपटून आपटून चौकटीच्या कडेने बारीक उभी भेग पडते. ती भेग गिलाव्याची आहे असे समजून लांबीने भरली जाते; पण सुटलेली असते ती पकड.

अ‍ॅल्युमिनियमची खिडकी

नव्या सदनिकांत सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या खिडक्या असतात. त्या गिलावा झाल्यावर बसतात आणि चौकटीतून भिंतीत जाणाऱ्या स्क्रूंवर उभ्या राहतात. येथे भिंत कशाची आहे, यावर सारे अवलंबून असते. काँक्रीटमध्ये प्रसरण पावणारा अँकर चांगला धरतो. भरीव विटेत नायलॉनचा प्लग चालतो, मात्र तो विटेत हवा, सांध्यातील मालात नको. हलक्या एएसी ठोकळ्यात किंवा पोकळ ठोकळ्यात साधा प्रसरण अँकर आवळला, तर तो ठोकळाच फोडतो. त्यांसाठी वेगळे अँकर मिळतात. पहिला स्क्रू कोपऱ्यापासून साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर आणि पुढचे ६० सेंटिमीटरच्या आत असावेत.

हे एवढे कशासाठी, ते वाऱ्याच्या हिशेबावरून कळते. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलोंचा दाब देतो. दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच खिडकीवर हा भार ९० किलोंच्या घरात जातो. इमारतीच्या ज्या बाजूला वारा आदळत नाही, तेथे तो खिडकीला बाहेर ओढतो. म्हणजे ढकलणे आणि ओढणे या दोन्हींना स्क्रू पुरले पाहिजेत. चौकट आणि भिंत यांमधील फटीत भरला जाणारा फोम किंवा सिलिकॉन पाणी व धूळ अडवण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर खिडकी टांगणे धोक्याचे आहे.

धरायचे कुठे, सोडायचे कुठे

मग फट ठेवायचीच कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर मराठवाड्याच्या हवेत आहे. दीड मीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ४० अंशांच्या फरकाने सुमारे दीड मिलिमीटर वाढते. यूपीव्हीसीची त्याच्या जवळपास तिप्पट. जानेवारीच्या पहाटे आणि मे महिन्यातील दुपारी, उन्हात तापलेल्या चौकटीच्या तापमानात एवढा फरक सहज पडतो. फट न ठेवता चौकट ठोकून बसवली, तर ती वाकते, झडप अडकते किंवा काच तडकते. म्हणून धातूने घट्ट धरायचे आणि कडेने हालायला जागा सोडायची, अशी ही दुहेरी रीत आहे.

भूकंपातही हेच तत्त्व लागू पडते. काँक्रीटच्या सांगाड्याची इमारत धक्क्याने झुकते. भारतीय मानकाने दोन मजल्यांमधील हे सरकणे मजल्याच्या उंचीच्या ०.४ टक्क्यापर्यंत मान्य केले आहे. तीन मीटर उंचीच्या मजल्याला ते १२ मिलिमीटर होते. इमारत सुरक्षित राहील, पण आयताकृती पोकळी क्षणभर तिरकी होईल. काचेच्या कडेला जागा आणि रबर नसेल, तर चौकट तिला चेपून फोडेल. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के नांदेडमध्येही जाणवले. असे सौम्य धक्के भिंत पाडत नाहीत, पण सैल काच आणि रुळावरून निसटू शकणारी झडप त्यांत उघडी पडते. त्यामुळे वरच्या मजल्यावर, विशेषतः खाली रहदारी असेल तेथे, फुटल्यावर बारीक तुकडे होणारी टफन्ड काच किंवा फुटूनही पडद्याला चिकटून राहणारी लॅमिनेटेड काच घेणे शहाणपणाचे ठरते. सरकत्या झडपेला वर उचलली जाऊ नये असा अडसर आहे का, हेही पाहावे.

दार अडकते तेव्हा

काळ्या मातीवरील घरांत पावसाळ्यात दार अडकू लागले की पहिला निरोप सुताराला जातो आणि तो रंधा मारून देतो. दिवाळीनंतर तेच दार सैल होते. रंधा मारण्याआधी एक सोपी तपासणी करावी. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते सारखे भरले, तर लाकूड दमटपणाने फुगले आहे. त्यांत फरक आला आणि कोपऱ्यातून तिरकी भेगही असेल, तर चौकट भिंतीबरोबर वाकली आहे. दोष पायाखालच्या मातीत आहे. अशा वेळी घराभोवती पाणी मुरू न देणारा फरसबंद पट्टा, छपराच्या पाण्याचा निचरा आणि फुटक्या नळांची दुरुस्ती यांपासून सुरुवात करावी लागते. भेग वाढत असेल, तर स्थापत्य अभियंत्याला पाया दाखवणे भाग आहे. नवे घर असेल, तर जोत्याच्या पातळीलाही काँक्रीटचा पट्टा घेणे हिताचे.

गिलाव्यापूर्वीची पाहणी

या सगळ्या गोष्टी पाहण्याची खरी वेळ एकच: गिलावा होण्यापूर्वी. ओळंबा आणि पाणसळ लावून चौकट उभी-आडवी सरळ आहे का, प्रत्येक होल्डफास्टभोवती काँक्रीट भरले आहे का, लिंटेल दोन्ही बाजूंना पुरेसे भिंतीत टेकले आहे का, खिडकीच्या खालच्या दगडाला बाहेरच्या बाजूने उतार आहे का, हे पाहायला अर्धा दिवस पुरतो. मोबाइलवर काढून ठेवलेली छायाचित्रे पुढे दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडतात. गिलावा झाल्यावर हीच तपासणी करायची, तर भिंत फोडावी लागते.

शेवटी एक गोष्ट लोखंडी ग्रिलची. चोराच्या भीतीने आज प्रत्येक खिडकी आणि गॅलरी पक्क्या ग्रिलने बंद केली जाते. माळवदाच्या घरांतही चोराच्याच भीतीने खिडक्या लहान ठेवल्या गेल्या होत्या. ग्रिल भिंतीत जरूर घट्ट रोवावी. पण प्रत्येक घरात निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारा दरवाजा असावा आणि त्याची किल्ली घरातील लहानथोर सर्वांना ठाऊक असावी. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी अंधारात ती शोधावी लागू नये.