उचल खाते

२०२४ च्या दिवाळीपूर्वी चौक येथील आमच्या दुकानाचा माळा रिकामा करण्याचे पुतण्याने मनावर घेतले. लाल कापडी बांधणीच्या, दोरीने आवळलेल्या जुन्या वह्यांचा ढीग त्याने ओट्यावर आणून ठेवला आणि मला कर्जतहून बोलावून घेतले. ‘काका, रद्दीत द्यायच्या की ठेवायच्या, ते तुम्ही ठरवा. बँकवाले तुम्हीच.’ त्याचा हिशेब संगणकावर चालतो; त्याला या वह्यांतील मोडी वळणाचे अक्षरही लागत नाही.

आजच्या तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल, परंतु आयकरासाठी एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष सर्वांना बंधनकारक झाले ते १९८९ पासून. तोवर दिवाळी ते दिवाळी असे व्यापारी वर्ष धरण्याची मुभा होती, आणि आमच्या वडिलांनी ती शेवटपर्यंत वापरली. वसुबारसेपासून घरात येण्या-देण्याची तेरीज चाले. वहीपूजनाला पहिल्या पानावर ‘श्री’चे शिखर मांडले जाई, त्याखाली गौतमस्वामींची लब्धी, अभयकुमाराची बुद्धी, शालिभद्राची ऋद्धी, बाहुबलींचे बळ, कयवन्ना शेठांचे सौभाग्य अशी मागणी लिहिली जाई. वडिलांचे अक्षर सुरेख. त्या पानावर सर्व काही मागितलेले असे. मिळालेल्याची नोंद करायला पुढची तीनशे पाने होती, पण ती आम्ही कधी त्या दृष्टीने वाचली नाहीत. मी तर नाहीच नाही.

आमचे आजोबा मारवाडातून या भागात आले. रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून गेली, तेव्हापासून घाटमाथा व कोकण यांच्या सांध्यावरील या गावांत आपली पुष्कळ घरे स्थिरावली. आमचा धंदा किराणा आणि भाताचा. दिवाळीच्या सुमारास हळवे भात कापून खळ्यावर येई, आणि इर्शाळगडाच्या व माथेरानच्या कुशीतील वाड्यांवरची माणसे डोक्यावर भारे घेऊन चौकच्या बाजारात उतरत. दुकानी त्यांची उधारीची खाती असत. सण उधारीवर, फेड पिकावर.

दुकान सांभाळले ते दादाने. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. शालान्त परीक्षेनंतर तो गल्ल्यावर बसला तो आजतागायत. मी मात्र १९७६ साली मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात वाणिज्य शाखेस प्रवेश घेतला. पहाटेची एसटी पकडून कर्जत, तेथून लोकलने व्ही.टी., मग चर्चगेटपर्यंत पायी. पाच-सहा वर्षे हा क्रम चालला. एम.कॉम. झालो, बँकेत लागलो, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. शिक्षणाचा खर्च वडिलांनी केला, अशी माझी समजूत होती. कोणी तसे सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना संकोच होतो. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी वाटणी झाली. भांडण नव्हते, पण घरात कागद समजणारा मी एकटा, तेव्हा गोषवारा मीच तयार केला. जुन्या खतावण्या मागवून घेतल्या आणि दादाच्या उचल खात्याची वर्षवार बेरीज मांडली. १९७६ ते १९८२ या वर्षांत त्याची उचल त्याच्या वयाच्या अविवाहित माणसास न शोभेल इतकी दिसत होती. ‘दादाने दुकानातून अगोदरच पुष्कळ घेतले आहे,’ असे मी शब्दांत म्हटले नाही. आकड्यांना म्हणू दिले. त्या आधारे मागच्या बाजूची जागा माझ्याकडे आली. दादाने कागद वाचला, चष्मा काढला आणि सही केली. वहिनी आतून चहा घेऊन आल्या तेव्हा कागद घडी घालून माझ्या पाकिटात गेलेला होता.

खतावणीत काय असते, हे व्यापारी वाचकांस सांगणे नको: तारीख, रक्कम आणि रोजमेळाचे पान. कशासाठी, ते रोजमेळात. मी खतावणी पाहिली होती. रोजमेळ उघडलाच नव्हता. बँकेत एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याने मूळ पावती न पाहता असे टिपण माझ्यापुढे ठेवले असते, तर मी ते परत पाठविले असते.

तर त्या दुपारी ओट्यावर बसून मी संवत २०३३ चा रोजमेळ उघडला. नावे बाजूला, दादाच्या खाती: ‘धाकट्याचा पास.’ पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ‘धाकट्याची फी.’ ‘पुस्तके, धाकटा.’ ‘पास.’ ‘पास.’ पावसाळ्यात ‘छत्री, धाकटा’. वडील दोघा भावांना स्वतःच्या खर्चासाठी वर्षाची काही उचल ठरवून देत असत; दादाने आपली माझ्या नावावर संपविली होती आणि वर कर्जही केले होते. साऱ्या वर्षात त्याच्या स्वतःसाठी म्हणून मला एकच नोंद सापडली, दिवाळीतली: ‘शर्टाचे कापड, एक.’ फिकट निळ्या रेघांचे ते कापड मला चांगले आठवते, कारण तो शर्ट बँकेच्या मुलाखतीस मी घालून गेलो होतो.

संवत २०३८ पर्यंतच्या सर्व वह्या मी चाळल्या. पुतण्याने दोनदा चहा विचारला.

दादाच्या हिशेबाची रीत मला खरे तर एक वर्ष आधीच कळावयास हवी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चौकपासून दिसणाऱ्या त्या डोंगराच्या कुशीतील ठाकरांची ही वस्ती. वर जायला रस्ता नाही, पाऊलवाट तेवढी. त्यामुळे यंत्रसामग्री चढविता आली नाही, आणि भर पावसात जवानांनी व गावोगावच्या तरुणांनी फावड्या-घमेल्यांनी चिखल उपसला. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत, आणि २३ जुलै रोजी शोध थांबविण्यात आला. पायथ्याशी याद्या केल्या जात होत्या: घर कोणाचे, घरात किती जण, त्यांतले खाली किती आले. शेताच्या राखणीला गेलेले, आश्रमशाळेत असलेले, नात्यात गेलेले वाचले. नाव पुकारले जाई आणि लोक उत्तराची वाट पाहत.

त्या वर्षी दिवाळीच्या तेरजेला मी दुकानी होतो. वाचलेली कुटुंबे तेव्हा चौकजवळ कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहत होती. वाडीवरील काही खाती दादाच्या वहीत उघडी होती. त्यांतल्या दोन खात्यांवर येणे मागायला आणि द्यायला कोणीच उरले नव्हते. मी सवयीने म्हणालो, ‘बुडीत खाती टाक.’ दादाने मान हलविली. प्रत्येक पानाच्या तळाशी त्याने आडवी रेघ मारली आणि लिहिले, ‘फिटले’. मी म्हणालो, ‘दादा, हे हिशेबाला धरून नाही.’ तो म्हणाला, ‘ती माणसं पैसे बुडवणारी नव्हती.’ आणि पान उलटले. मला ते भाबडेपणाचे वाटले. घरी जाऊन सौभाग्यवतीस तसे सांगितलेही.

२०२४ च्या त्या दिवाळीत आमच्याकडे नेहमीप्रमाणे फटाके नव्हते. अमावास्येच्या रात्री भगवान महावीरांच्या निर्वाणाचा जप झाला, पहाटे गौतमस्वामींचे स्मरण झाले. अखेरच्या घडीस प्रभूंपासून दूर असलेले गौतम, हा प्रसंग दरवर्षी ऐकतो. या खेपेस ऐकताना मान वर करवेना. दादा शेजारीच बसला होता. गुडघे दुखतात म्हणून त्याला खुर्ची दिली आहे, तरी तो जमिनीवरच बसतो.

भाऊबीजेस आम्ही दोघे कर्जतला बहिणीकडे जातो. महावीरांच्या निर्वाणानंतर शोकाने अन्नपाणी सोडलेल्या नंदिवर्धनास बहीण सुदर्शनेने आपल्या घरी नेऊन जेवू घातले, ती ही बीज, असे आई सांगत असे. या वेळी मी संवत २०३३ चा रोजमेळ पिशवीत घालून नेला. ओवाळणी व्हायची होती. बहीण आत होती. मी ते पान उघडून दादापुढे ठेवले. वाटणीचा कागदही सोबत होता, आणि मागची जागा पुतण्याच्या नावे करण्याचा मसुदा.

त्याने चष्मा लावला. पानावरून बोट फिरवीत तो बराच वेळ वाचत राहिला.

‘दादा, तेव्हा बोलला का नाहीस?’

‘काय बोलायचं? तुझी बेरीज बरोबर होती.’

‘बेरीज बरोबर होती रे, पण...’

‘एवढं शिकवलं,’ तो म्हणाला, ‘बेरीज चुकली असती तर मला वाईट वाटलं असतं.’ मग मसुद्याची घडी त्याने माझ्या खिशात परत कोंबली. ‘हे नंतर. मुलाशी बोल. माझ्याशी नको.’ (पुतण्याशी बोललो. नोंदणी गेल्या फाल्गुनात झाली.)

बहिणीने दोन पाट मांडले, रांगोळी काढली. दादाचे लक्ष अजून वहीत होते. त्याने एका नोंदीवर बोट ठेवून मला जवळ बोलावले. ‘ही छत्री. ही तू लोकलमध्ये विसरलास ना?’

मी होय म्हणालो.

‘मग मला त्या वेळी चोरीला गेली म्हणून का सांगितलंस?’

बहीण दारात तबक घेऊन उभी होती. सूर्यास्ताच्या आत जेवणे उरकायची होती. ‘छत्रीचं मागाहून बघा,’ ती म्हणाली, ‘आधी पाटावर बसा दोघं.’