मुले, सासूबाई आणि मॉरिशस

'दहा दिवसांत सात देश' अशी जाहिरात वाचली की माझ्या पोटात गोळाच येतो. देशांची भीती नाही हो. भीती वाटते ती सात वेळा सामान बांधण्याची आणि भल्या पहाटे झोपेने जड झालेल्या पोराच्या पायांत मोजे चढवण्याची. पण आमच्या घरात युरोपाचा पक्ष बलवान होता. पाच वर्षे दरमहा बँकेत टाकलेली ठेव हाती यायची होती. अशी रक्कम आमच्यासारख्या नोकरदारांच्या घरात पुन्हा केव्हा जमेल, कोण जाणे! तेव्हा ती खर्चायची तर आयफेल मनोऱ्याखालीच, असे ह्यांचे ठाम मत.

"मनोरा पाहणार कोण?" मी विचारले. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सहाचा आणि सासूबाई एकाहत्तराव्या वर्षात. त्यांचे गुडघे त्यांच्याही पुढे वयाने. एका रविवारी जेवणानंतर मी प्रत्येकाच्या हाती कागदाचा चिटोरा दिला आणि 'तिथे काय असले म्हणजे मजा येईल' ते लिहायला सांगितले. मुलाने लिहिले, 'समुद्र आणि मोठ्ठे कासव'. मुलीने लिहिले, 'रोज लवकर उठवायचे नाही'. ह्यांनी 'इतिहास' असा एकच भारदस्त शब्द लिहिला. सासूबाईंनी चिटोरा कोराच परत केला. म्हणाल्या, "मला पायऱ्या कमी आणि जेवण जिभेला ओळखीचं असलं की पुरे." चारही चिटोरे शेजारी मांडले, तेव्हा युरोप आपोआपच मागे पडला आणि नकाशात आफ्रिकेच्या पूर्वेला असलेल्या एका ठिपक्यावर आमचे बोट येऊन थांबले.

मॉरिशस बेट दक्षिणोत्तर सुमारे ६५ किलोमीटर. एकाच जागी बिऱ्हाड टाकावे, सकाळी बाहेर पडावे आणि रात्री आपल्याच उशीवर डोके टेकावे. मुलांच्या सहलीतले निम्मे सुख मला तरी यातच दिसते. मुंबईहून थेट विमान सहा-सात तासांचे, आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे. त्यामुळे पोरांच्या झोपेचे खोबरे होत नाही. भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा कागद आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. मात्र एक गोष्ट वर्षभर आधी करावी: मुलांचे पासपोर्ट कपाटातून काढून पाहावेत. मोठ्यांचे दहा वर्षे चालतात, पण लहानांचे बहुधा पाचच, हे पुष्कळांच्या ध्यानातच राहत नाही.

ऋतूचाही हिशेब हवा. तिकडचे ऋतू आपल्या उलटे. चक्रीवादळांचा जोर जानेवारी ते मार्च, म्हणून त्या दिवसांत तिकीट स्वस्त मिळाले तरी मी पोरांना घेऊन जाणार नाही. आम्ही मे महिना धरला. इथे घामाच्या धारा, आणि तिथे संध्याकाळी सासूबाईंना शाल लागे. मात्र सूर्य पावणेसहालाच मावळतो, तेव्हा दिवस लवकर आटपावा लागतो.

पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक म्हणून गाव आहे. नाव उच्चारताना मुलगा दर वेळी खो खो हसे. तिथे आम्ही हॉटेलाऐवजी स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा घेतली. भगिनींनो, सुट्टीतही चूल का, असे विचाराल! पण तापलेल्या पोराला रात्री नऊ वाजता मऊ भात कोणते हॉटेल करून देईल? कुकर आणि मूगडाळीची पिशवी सोबत होती. शिवाय प्लगचा अडॅप्टर. तिकडच्या भिंतींत इंग्रजी तीन चौकोनी आणि फ्रेंच दोन गोल अशी दोन्ही तऱ्हेची भोके असतात.

खरे म्हणजे चूल फारशी पेटलीच नाही. रस्त्यावर हातगाडीवाला 'दालपुरी' विकतो: आत वाटलेली चणाडाळ, बाहेर पातळ पापुद्रा, दोन पुऱ्या एकमेकींवर, त्यांत घेवड्याची उसळ आणि चटणी घालून कागदात गुंडाळलेली. आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच म्हणा ना! सासूबाईंनी पहिल्या दिवशी दोन खाल्ल्या आणि पुढे स्वयंपाकाची चौकशीच केली नाही.

बेटाच्या बहुतेक कडेने प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत राहते. म्हणून लहान मुलांना हा समुद्र सोसतो. पण सगळीकडे नव्हे. दक्षिणेला ग्री-ग्री येथे भिंत तुटलेली आहे, तिथला दर्या नुसता पाहावा. उथळ पाण्यातही काटेरी जीव असतात, म्हणून रबरी जोडे घातल्याशिवाय मी कुणाला उतरू दिले नाही. ह्यांनी कुरकुर केली, पण घातले.

आमचा नियम साधा होता: एक दिवस हिंडायचे, दुसरा दिवस मोकळा. मोकळ्या दिवशी मुलीला हवे तेवढे झोपू दिले. तिकडच्या रुपयाची किंमत आपल्या रुपयाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून खर्चाची वही तिच्याच हाती सोपवली. तिसऱ्या दिवशी वडिलांनी मागितलेले दुसरे आइस्क्रीम तिने नामंजूर केले!

मुलाच्या कासवासाठी माहेबूर गावाजवळच्या इल-ओ-एग्रेत या छोट्या बेटावर गेलो. तिथे जुने जंगल पुन्हा उभे केले आहे आणि राक्षसी कासवे मोकळी फिरतात. गुलाबी कबुतरेही दिसली. १९९० च्या सुमारास हे पक्षी रानात अवघे दहाच्या आसपास उरले होते. पिंजऱ्यात जोपासना करून, पुन्हा सोडून, आज त्यांची संख्या काहीशेवर गेली आहे. डोडोचे मात्र तसे झाले नाही. माणूस त्या बेटावर वस्तीला आला आणि सतराव्या शतकातच तो पक्षी जगातून नाहीसा झाला. पोर्ट लुईच्या संग्रहालयात त्याचे अवशेष पाहून मुलाने विचारले, "मग तेव्हा कुणी पिंजरा का नाही केला?" ह्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

ह्यांचा 'इतिहास' त्याच शहरात बंदरावर भेटला. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून ते हिंदुस्थानातून करारावर आणले गेले. पुढल्या काळात सुमारे साडेचार लाख माणसे आली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटत, आणि त्यांत आपल्या कोकणातली माणसे असत. उतरणाऱ्यांची नोंद होई ते ठिकाण म्हणजे आप्रवासी घाट. २००६ साली त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे जुन्या दगडी पायऱ्या शिल्लक आहेत.

पायऱ्या नकोत म्हणणाऱ्या सासूबाई त्या पायऱ्यांपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या आजोबांचा एक चुलता जहाजावर गेला तो परतलाच नाही. कुठे गेला, घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याची बायको मरेपर्यंत कुंकू लावीत होती." लग्नाला चौदा वर्षे झाली, पण ही गोष्ट मी प्रथमच ऐकत होते. ह्यांनीही.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. पण आमच्याजवळ होते एक नुसते नाव, गाव रत्नागिरीकडले, साल माहीत नाही. तेवढ्यावर शोध लागणार नाही, हे मुलीलाही कळले. तिने ते नाव खर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले.

शेवटून दुसऱ्या दिवशी, किनाऱ्यावर भाजी विकणाऱ्या एका म्हातारीने सासूबाईंचे नऊवारी पाहून आम्हांला हाक मारली. ती घरी क्रिओल बोलणारी. मराठी अडखळत, पण येत होती. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आणि घरोघर मोदक होतात, हे तिने अभिमानाने सांगितले. गाव विचारले तर म्हणाली, "कोकण. आणखी नाही ठाऊक." सासूबाईंनी पिशवीतून मूगडाळ काढून तिच्या हाती दिली. तिने पपई दिली. दोघी वाळूत बसल्या, आणि बोलायला शब्द अपुरे पडले तेव्हा एकमेकींच्या बांगड्या पाहत राहिल्या.

मुलगी आता आजीला घेऊन दिवाळीनंतर गावी जाणार आहे. तिथल्या भाऊबंदांकडे जुनी कागदपत्रे आहेत म्हणतात. साल सापडले तर पुढे पत्र पाठवायचे, असे तिने ठरवले आहे. पत्ता वहीत लिहिलेला आहे.