परदेशी जन्म, मुंबईची घडण : खालिद जमील यांची कारकीर्द आणि डहाणू-तलासरीचा प्रश्न

उत्तम खेळाडू पुढे उत्तम प्रशिक्षक होतोच असे नाही, आणि जो होतो तो कशामुळे होतो याचे उत्तर सामान्यतः त्याच्या व्यक्तिगत गुणांत शोधले जाते. चिकाटी, शिस्त, खेळाची जाण ही कारणे खरी आहेत. परंतु ती अपुरी आहेत. खेळाडूचे प्रशिक्षकात रूपांतर होण्यास काही वर्षे लागतात, त्या वर्षांत त्याला पोटापाण्याचा आधार लागतो, आणि त्याच्या पहिल्या चुका सोसून घेणारी एखादी संस्था लागते. प्रस्तुत लेखात या संस्थात्मक बाजूचा विचार एका कारकीर्दीच्या आधारे करावयाचा आहे. कुवेतमध्ये जन्मलेले, मुंबईत खेळाडू म्हणून घडलेले आणि १ ऑगस्ट २०२५ रोजी भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमले गेलेले खालिद जमील हे ते उदाहरण होय.

या अभ्यासाला एक स्थानिक प्रयोजनही आहे. डहाणू रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे व २०१३ पासून उपनगरी गाड्या तेथपर्यंत धावतात. नकाशावर पाहता डहाणू व तलासरी हे तालुके मुंबईच्या फुटबॉलच्या छायेतच येतात. मग परदेशात जन्मलेल्या मुलाला मुंबईने जो मार्ग मोकळा करून दिला, तो या दोन तालुक्यांतील मुलांना कितपत खुला आहे, असा प्रश्न उपस्थित होतो.

जन्म आणि नागरिकत्व

जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेत येथे एका पंजाबी भारतीय कुटुंबात झाला. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत व्यापला आणि तेथील भारतीयांचे स्थिर जीवन एकाएकी कोलमडले. सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना मायदेशी आणावे लागले. त्यांतील बहुसंख्यांना अम्मानहून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईस आणण्यात आले. आखाती युद्धाच्या त्या काळात जमील कुटुंबही भारतात परतले.

येथे ‘परदेशी जन्माचा’ या शब्दप्रयोगाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार त्या काळी परदेशात जन्मलेल्या अपत्यास, वडील भारतीय नागरिक असल्यास, वंशाधारे भारतीय नागरिकत्व मिळे. आणि कुवेत केवळ जन्माच्या आधारे नागरिकत्व देत नाही. अशा व्यक्तीचे जन्मस्थान परदेशी असले तरी राष्ट्रीय संघाचे दार तिला बंद नसते. याउलट आराता इझुमी यांचे उदाहरण पाहावे. जपानमध्ये जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या पित्याच्या या खेळाडूस भारताकडून खेळण्यासाठी भारतीय नागरिकत्व स्वीकारावे लागले, व २०१३ मध्ये ते भारताकडून खेळले. परदेशी पारपत्र धारण करणाऱ्यास भारतीय संघात स्थान नाही, हे शासनाचे धोरण २००८ पासूनचे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्स यांनीही नोव्हेंबर २०२५ मध्ये हाच मार्ग पत्करला, आणि त्यांना राष्ट्रीय शिबिरात बोलावणारे प्रशिक्षक जमीलच होते.

जमील व इझुमी यांच्यात एक साम्य विशेष उल्लेखनीय आहे. दोघेही मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघातून खेळले आणि दोघेही पुढे प्रशिक्षणाकडे वळले. इझुमी यांनी नवी मुंबई येथील रिलायन्स फाउंडेशनच्या निवासी अकादमीत मुलांना शिकविले. दोघांची जन्मस्थाने भिन्न, परंतु ज्या संस्थेच्या आधारे ते येथे रुजले ती एकच.

डहाणूच्या वाचकास ही गोष्ट परकी वाटणार नाही. चिकू मूळचा मध्य अमेरिकेतला; डहाणू-घोलवडच्या बागा वाढविण्यात इराणातून आलेल्या जरथुष्ट्री कुटुंबांचा मोठा वाटा. त्या चिकूचे कलम बांधतात ते खिरणीच्या देशी खुंटावर. फळाची जात कलमावर ठरते. झाड तग धरील की नाही हे खुंटावर ठरते. जमील यांच्या बाबतीत हा खुंट म्हणजे मुंबईचे कंपनी-संघ होत.

कंपनी-संघांची शाळा

मुंबईचे फुटबॉल दीर्घकाळ नोकरीच्या आधारावर उभे होते. गिरण्या, बँका, रेल्वे, विमान कंपनी आणि मोठे कारखाने आपापले संघ बाळगीत. हारवूड लीग व रोव्हर्स चषक या स्पर्धांतून त्यांच्या लढती होत आणि कूपरेजचे मैदान हे त्यांचे केंद्र होते. कंपनी-संघातील खेळाडू हा बहुधा कंपनीचा नोकर असे. त्यामुळे गुडघा दुखावला तरी चूल विझत नसे, आणि खेळ संपल्यावर त्याच संस्थेत कनिष्ठ खेळाडूंना शिकविण्याची संधी मिळण्याचा संभव राही.

जमील या व्यवस्थेच्या अखेरच्या पिढीतील खेळाडू. मधल्या फळीत खेळणाऱ्या जमील यांनी १९९७ मध्ये महिंद्रच्या संघातून आरंभ केला, १९९८ ते २००२ एअर इंडियाकडून ते खेळले, आणि पुन्हा महिंद्रकडे आले. याच संघाने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. भारतीय संघातूनही ते खेळले. २००७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई एफसीत ते गेले, व २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच संघाचे प्रशिक्षक झाले.

येथून पुढील सात वर्षे अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहावीत. मुंबई एफसी हा मोठ्या खर्चाचा संघ नव्हता. जमील यांच्या कारकीर्दीत त्याने एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळविले नाही. परंतु या काळात तो आय-लीगमधून खाली गेला नाही. बचाव घट्ट ठेवणे, प्रतिस्पर्ध्यास मोकळी जागा न देणे, मिळालेल्या थोड्या संधींचा उपयोग करणे आणि साध्या खेळाडूकडून त्याच्या आवाक्यातील काम चोख करून घेणे, ही जमील यांची पद्धती याच काळात तयार झाली. पराभव टाळण्याची कला ही जिंकण्याच्या कलेची पूर्वतयारी असते; आणि ती शिकण्यास सात वर्षे एकाच ठिकाणी मिळणे ही आज दुर्मिळ गोष्ट आहे.

आयझॉलचा पुरावा

या शिक्षणाची परीक्षा मुंबईबाहेर झाली. २०१६-१७ च्या हंगामासाठी जमील मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात खालच्या गटात ढकलला गेला होता. गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळेच त्याला आय-लीगमध्ये पुन्हा स्थान मिळाले. जमील यांच्याबरोबर जयेश राणे व आशुतोष मेहता हे मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली खेळलेले खेळाडूही तेथे गेले. २२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलने मोहन बागानचा १-० असा पराभव केला आणि ३० एप्रिल रोजी शिलाँग येथे लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून विजेतेपद मिळविले. १८ सामन्यांत आयझॉलचे ३७ गुण झाले, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील संघाने देशाची सर्वोच्च लीग जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग.

त्याच हंगामात मुंबई एफसी तळाशी राहून खालच्या गटात गेला आणि २०१७ मध्येच तो बंद झाला. महिंद्र युनायटेड त्यापूर्वी २०१० मध्ये विसर्जित झाला होता. एअर इंडियाचा संघही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. याचा अर्थ असा की, शिष्य यशाच्या शिखरावर पोहोचला त्या वेळी त्याच्या शाळा एकामागून एक बंद होत होत्या.

सर्वोच्च स्तरावर

२०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकपद जवळजवळ परदेशी व्यक्तींकरिताच राखून ठेवल्यासारखे होते. भारतीयांच्या वाट्यास साहाय्यकाचे काम येई. ईस्ट बंगाल व मोहन बागान या कोलकात्याच्या दोन्ही संघांकडे काही काळ काम केल्यावर जमील यांनीही २०१९ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये असेच दुय्यम पद स्वीकारले. जानेवारी २०२१ मध्ये हंगामाच्या मध्यावर त्यांच्याकडे तात्पुरती सूत्रे आली. साखळीतील उरलेल्या एकाही सामन्यात पराभव न पत्करता त्यांनी संघास उपांत्य फेरीत नेले, व ऑक्टोबर २०२१ मध्ये ते या लीगमधील पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. पुढील हंगाम मात्र अपयशाचा ठरला. जमशेदपूर एफसीकडे आल्यावर त्यांनी तो संघ २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरीपर्यंत नेला. २०२३-२४ व २०२४-२५ अशी सलग दोन वर्षे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरविले.

राष्ट्रीय संघाची सूत्रे सॅव्हियो मेदेरा यांच्यानंतर प्रथमच, म्हणजे तेरा वर्षांनी, भारतीय प्रशिक्षकाकडे आली. आरंभ उत्साहवर्धक होता: ८ सप्टेंबर २०२५ रोजी ताजिकिस्तानमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून भारताने काफा नेशन्स चषकात तिसरे स्थान मिळविले. परंतु १४ ऑक्टोबर रोजी मडगाव येथे सिंगापूरकडून १-२ असा पराभव होऊन २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले, आणि १८ नोव्हेंबर रोजी ढाका येथे बांगलादेशानेही भारतास नमविले. प्रशिक्षक कितीही कुशल असला तरी त्याच्या हाती येणारे खेळाडू गावोगावच्या व्यवस्थेतून यावे लागतात, हे या निकालांनी पुन्हा दाखवून दिले.

डहाणू-तलासरीचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात डहाणू व तलासरी हे आदिवासीबहुल तालुके आहेत. डहाणूहून चर्चगेटला जाण्यास लोकलने तीन तासांच्या आसपास लागतात. तलासरी गाव तर महामार्गावर असून लोहमार्गापासून दूर आहे. सायंकाळचा सराव आटोपून रोज घरी परतणे शाळकरी मुलास शक्य नाही. पूर्वी मुंबईत नोकरी मिळाली की राहण्याचा व खाण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटे. कंपनी-संघ गेल्यावर तो मार्गही अरुंद झाला. निवासी अकादम्या आहेत, परंतु तेथील जागा मोजक्या असतात आणि निवड होण्यापूर्वीच मुलाने बराच खेळ शिकलेला असावा लागतो. तो कोठे शिकावा, याचे उत्तर अकादमी देत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन तालुक्यांत खेळाडूंच्या आधी प्रशिक्षक तयार करण्याचा विचार झाला पाहिजे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या डहाणू कार्यालयाच्या कक्षेत निवासी आश्रमशाळा आहेत. मुले एके ठिकाणी राहतात, त्यामुळे प्रवासाचा मोठा अडसर तेथे आपोआप दूर होतो. प्रशिक्षकपदाची परवान्यांची शिडी महासंघाच्या ‘डी’ वर्गापासून सुरू होऊन आशियाई महासंघाच्या ‘सी’, ‘बी’, ‘ए’ व ‘प्रो’ या पायऱ्यांनी वर जाते. तिची पहिली पायरी आश्रमशाळेतील एखाद्या तरुण शिक्षकास किंवा माजी विद्यार्थ्यास गाठता येण्यासारखी आहे. मात्र त्यास वेतन, मैदान आणि सलग काही वर्षे या तिन्ही गोष्टी मिळाल्या पाहिजेत. जमील यांना मुंबई एफसीत मिळालेली सात वर्षे हा या बाबतीतला मापदंड मानावा.

या दिशेने काम करू इच्छिणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रथम साधी पाहणी हाती घ्यावी: दोन्ही तालुक्यांतील किती आश्रमशाळांना पुरेसे मैदान आहे, किती ठिकाणी प्रशिक्षित क्रीडाशिक्षक आहे, आणि तो एका जागी सरासरी किती वर्षे टिकतो. यांपैकी तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा ठरेल. कलमे बाहेरूनही आणता येतात. खुंट मात्र त्याच मातीत रुजवावा लागतो आणि त्यास वेळ द्यावा लागतो.