देव्हाऱ्यातली शिवराई

शिवराई हे मराठ्यांचे तांब्याचे नाणे. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या काळापासूनची ही परंपरा. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे कडे. रत्नागिरीकडच्या जुन्या घरांत देव्हाऱ्यात किंवा लक्ष्मीपूजनाच्या डब्यात अशी एखादी शिवराई असते. ती साडेतीनशे वर्षांची, म्हणजे लाखमोलाची, असे सहज वाटते. बहुतेक वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात.

महाराजांच्या पश्चातही हेच नाव आणि हीच अक्षरे घेऊन अनेक टांकसाळींनी शिवराया पाडल्या. पेशवाई १८१८ मध्ये संपली तरी त्या बाजारातून गेल्या नाहीत. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही तर उत्तरकाळातलीच. त्यामुळे हाती येणारी बहुतेक नाणी महाराजांच्या हयातीतली नसतात, आणि ती मुबलक असल्याने भावही बेताचाच मिळतो. महाराजांचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे.

संग्राहक नाण्याच्या वयाआधी त्याचा ठसा पाहतो. शिवराई हातोड्याच्या घावाने पाडली जाई. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान पडे, घाव कधी एका बाजूला बसे आणि अक्षरे कडेला कापली जात. म्हणून सगळी अक्षरे पुरी उमटलेली शिवराई हाती आली, तर तिला कितीतरी जास्त किंमत येते. ‘शिव’ कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, कुठे ‘सिव’ असाही सापडतो. अशा भेदांवर अभ्यासकांची नजर असते.

कोकणात तांब्याची पूजेची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने लख्ख करतात. नाण्याचे सर्वांत मोठे नुकसान नेमके तिथे होते. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी थर ही जुनेपणाची खूण आणि धातूचे संरक्षणही. आंबटाने तो निघतो, अक्षरांच्या कडा झिजतात आणि गेलेला थर परत आणता येत नाही. धूळ असेल तर साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावे; तेवढे पुरे.

वयापेक्षा दुर्मीळपणाला मोल, हा न्याय इंग्रजी नाण्यांनाही लागू पडतो. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून काढलेला भोकाचा पैसा इतका निघाला की तो आजही स्वस्त आहे. उलट १९३९ चा चांदीचा रुपया फारच थोडा उरला. त्याला चांदीच्या भावाच्या कितीतरी पट किंमत येते. अमेरिकेत डेन्व्हरच्या टांकसाळीने १९१६ मध्ये दहा सेंटांची ‘मर्क्युरी’ डाइम फक्त २,६४,००० पाडली. तिथले संग्राहक आजही तिच्या मागे असतात. त्याच मालिकेतली पुढच्या वर्षांची बरीचशी नाणी मात्र जवळपास चांदीच्याच भावाने जातात.

प्रसिद्ध नाण्याच्या नकला फार होतात, त्यामुळे होन म्हणून दाखवले जाणारे नाणे जाणकाराकडून तपासून घ्यावेच लागते. जुनी नाणी लाखोंना विकून देतो म्हणून आधी शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. घरात वारशाने आलेले नाणे आणि जमिनीत सापडलेले नाणे यांत कायदा फरक करतो. शेतात किंवा घराच्या पायात दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा मिळाला, तर १८७८ च्या कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुने नाणे परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.